क्रीडांगणावरील ऋणविचार

शहाजीराजांच्या काळापासून बंगळूरशी मराठी माणसाचे नाते जडलेले आहे. पुढे कोणी चाकरीनिमित्त, कोणी व्यापारानिमित्त येथे आला; आज बेळ्ळंदूरच्या तळ्याभोवतीच्या उंच इमारतींतून नव्या पिढीचे मराठी संसार थाटले आहेत. राहुल द्रविड हे अशाच एका स्थलांतरित मराठी कुटुंबातले. जन्म इंदूरचा, ११ जानेवारी १९७३ चा. घडले मात्र ते याच नगरीत. वडील जॅमच्या कारखान्यात नोकरीस, तर आई वास्तुकलेच्या प्राध्यापिका. केकी तारापोर या जुन्या खेळाडूने उन्हाळी शिबिरात त्यांना क्रिकेटचे धडे दिले.

१६४ कसोटी सामने आणि १३,२८८ धावा हा त्यांचा पराक्रम सर्वश्रुत आहे. आपल्याला विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. एकदिवसीय सामन्यांत संघाला एक जादा फलंदाज खेळविता यावा म्हणून त्यांनी यष्टिरक्षणाचे जिकिरीचे काम पत्करले. २००३ च्या विश्वचषकात भारत अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हाही यष्टीमागे तेच उभे होते.

२०१२ साली ते निवृत्त झाले आणि २०१५ साली त्यांनी एकोणीस वर्षांखालील मुलांच्या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. त्यांच्या कारकिर्दीत असा नियम झाला की, कोणत्याही मुलाने युवा विश्वचषक एकदाच खेळावा. अनुभवी मुलांना पुन्हा घेतले असते तर विजय सुलभ झाला असता. परंतु नव्या मुलांची वाट अडली असती. तरीही ३ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूझीलंडमध्ये हा संघ विश्वविजेता ठरला. नियामक मंडळाने द्रविड यांना ५० लाख आणि सहकाऱ्यांना प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर केले. हा भेद त्यांना रुचला नाही. त्यांच्या आग्रहावरून सर्वांना समान, म्हणजे २५ लाख रुपये देण्यात आले; स्वतःची निम्मी रक्कम त्यांनी सोडली.

यास औदार्य म्हणणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. दात्याचा हात वर राहतो, घेणाऱ्याचा खाली. वाटा देणारा मात्र दुसऱ्याचा हक्क मान्य करीत असतो. आपल्या परंपरेने ऋषिऋण सांगितले आहे. ते गुरूला द्रव्य देऊन फिटत नाही, पुढच्याला शिकवूनच फिटते. तारापोरांनी दिलेले द्रविडांनी पुढच्या मुलांच्या हाती दिले, ते याच न्यायाने.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी हा विचार आपल्याही दाराशी येतो. व्यासपीठावरील नावे स्मरणिकेत छापली जातात. सतरंज्या घालणारे, पंगतीत वाढणारे, वर्गणीसाठी दारोदार फिरणारे हात अनामिक राहतात. पद सांभाळणे हे कर्तृत्व खरेच. परंतु हाती सत्ता व अंगी उमेद असतानाच नवख्याला जागा करून देणे, आणि श्रेयाची वाटणी करताना आपले पान शेवटी मांडणे, हे अधिक अवघड. येत्या वर्षीच्या कार्यकारिणीची निवड करताना वडीलधाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा, एवढीच नम्र विनंती.