पाठलाग आणि खासगी संरक्षणाचा हक्क
कोणी अनोळखी माणूस मागून येतो, एवढ्यावरून प्रतिहल्ल्याचा हक्क मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या हक्काची कलमे ३४ ते ४४ आहेत (पूर्वी भारतीय दंड संहिता, कलमे ९६ ते १०६). कलम ४० नुसार हल्ल्याच्या प्रयत्नातून वा धमकीतून शरीराला धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो. घाव बसेपर्यंत थांबावे लागत नाही. कान्हे स्थानकावर रात्रीच्या लोकलमधून उतरलेला सहप्रवासी त्याच वाटेने चालला, तर तो हल्ला नव्हे. त्याने वाट अडवून कोयता उगारला, तर प्रतिकार कायदेशीर ठरतो. मात्र तो गरजेपुरताच हवा (कलम ३७). स्त्रीने स्पष्ट नकार देऊनही पुरुषाने तिचा वारंवार पाठलाग करून संपर्क साधणे हा कलम ७८ खालील स्वतंत्र गुन्हा आहे; पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कैद होते.