कोस, मुक्काम आणि मिनिटे

बारामतीहून इंदापूर किती लांब, असे आमच्याकडे कुणी विचारले, तर आधी त्यालाच विचारावे लागते, "जाणार कशाने?" सरळ रेषेत हे अंतर ४७ किलोमीटरच्या आसपास. तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करीत, बेलवडीला रिंगण करून, तीन-चार दिवसांत इंदापूर गाठते. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान तेवढेच अंतर तीन मिनिटांत मागे टाकते. भूमी तीच, बदलते ते काळाचे माप. आणि मला वाटते, इतिहासात माणसाला जाच झाला तो कोसांचा नव्हे, या काळाचाच.

मुंबई-लंडनचे पाहा. सरळ अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. दिवसाला १५ किलोमीटर धरले, तर पालखीच्या चालीने ४८० दिवस! शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालीत. त्यांना चार-सहा महिने सहज लागत.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत करून काशीला पाठविले. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. वकील लंडनला, धनी काशीला, आणि मध्ये महिनोन्‌महिने चालणारा टपालाचा प्रवास. १८४७ साली महाराज काशीतच निवर्तले. १८४८ साली राज्यही खालसा झाले. अन्याय केला तो राज्यकर्त्यांच्या लोभाने, हे खरेच. पण त्या लोभाला सवड मिळाली ती अंतरामुळे.

पुढे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींचा प्रवास आठवड्यांवर आला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला उतरले. १९६० साली जेट विमाने आली. आज न थांबता नऊ-दहा तासांत माणूस पोचतो. जाताना पश्चिमेचे वारे समोरून येतात, म्हणून परतीपेक्षा जाण्याला बहुधा वेळ अधिक लागतो, एवढेच.

मग वेळ वाचला की सारे साधले? २०२० साली महामारीत पायी वारी थांबली आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने देहूहून निघून त्याच दिवशी पंढरीला पोचल्या. एरवी अडीच-तीन आठवड्यांची वाट एका दिवसात सरली. त्या आषाढात बेलवडीला रिंगण झाले नाही. सणसर, निमगाव केतकी, इंदापूरला मुक्काम पडला नाही. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा वेळ वाचवावा असे कुणालाच वाटले नाही.

रंगो बापूजींच्या कागदांना घाई हवी होती. ती मिळाली नाही. वारकऱ्याला घाई मिळू शकते. ती त्याला नको आहे. कोणती वाट तासांनी मोजावी आणि कोणती मुक्कामांनी, हे ठरविण्याची मुभा आपल्या पिढीला लाभली आहे. दिवाळीला दूरच्या लेकरांची वाट पाहणाऱ्या घरांनी विमानाचे आभार मानावेत; आणि लेकरू दारात आले, की त्याचा मुक्काम मात्र पालखीच्या हिशेबाने धरावा.