मुक्तीतील प्रार्थनेची शिस्त

केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्ती मिशनच्या इतिहासात २९ जून १९०५ ही तारीख बहुधा आकाशातून वीज कोसळावी तशी अवतरते, परंतु त्या सुमारास तेथे झालेल्या उज्जीवनामागे, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत अनुताप, पापांची कबुली आणि भक्ती यांचा सामुदायिक आवेग उसळून येण्यामागे, मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) वर्षानुवर्षे घडवलेली प्रार्थनेची शिस्त होती, ही गोष्ट अशा वर्णनांत झाकली जाते.

या शिस्तीचा आरंभ वादातून झाला. मुक्तीच्या आधी रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन केलेले आणि पुढे पुण्यास हलवलेले शारदा सदन विधवांच्या शिक्षणासाठी होते व तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार मात्र उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे, भांडारकर प्रभृतींनी याच कारणाने सदनाचे सल्लागार मंडळ सोडले. त्यांचा आक्षेप केवळ सनातनीपणाचा म्हणून उडवून लावता येत नाही, कारण जिला दुसरा आसरा नाही अशा मुलीला उघड्या दाराची ओढ किती आणि तिची स्वतःची इच्छा किती, हे ठरवणे अवघड असते.

सदनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतील मदतमंडळाची दहा वर्षांची हमी १८९८ च्या सुमारास संपली, तेव्हा ब्रिस्टल येथील अनाथाश्रमचालक जॉर्ज म्युलर यांच्या रीतीचा, म्हणजे माणसांपुढे हात न पसरता गरजा देवापुढेच मांडण्याचा, रमाबाईंवरील प्रभाव अधिक स्पष्ट झाला. (म्युलर वार्षिक अहवाल छापीत आणि रमाबाईही आपल्या कार्याची हकीकत प्रसिद्ध करीत; न मागताही मागणे पोहोचे, असे म्हणता येईल.) १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी मुक्तीतील आश्रितांची संख्या शेकड्यांनी वाढवली, त्यामुळे धान्य, पाणी आणि विहिरी हे प्रार्थनेचे रोजचे विषय झाले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडे दाद मागत पुनःपुन्हा जाणाऱ्या विधवेचा दृष्टांत आहे. बालविधवांनी भरलेल्या या संस्थेत चिकाटीच्या प्रार्थनेची याहून जवळची प्रतिमा दुसरी कोणती असणार? जानेवारी १९०५ मध्ये, वेल्समधील उज्जीवनाच्या वार्ता येत असताना, रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करण्यास कोण तयार आहे असे विचारले, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० च्या आसपास गेली. पुढे शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. एकाने बोलावे आणि इतरांनी ‘आमेन’ म्हणावे या पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेल्या काही मिशनऱ्यांना हा गोंगाट वाटला; रमाबाईंनी मात्र भारतीय स्त्रियांच्या भक्तीला परकीय मापे लावण्यास नकार दिला.

या घटनांवर मुक्तीतील सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेले पुस्तक चिलीतील वाल्पाराइसो येथे मेथडिस्ट धर्मोपदेशक विलिस हूवर यांच्या घरी पोहोचले, कारण हूवर यांच्या पत्नी एब्रम्स यांच्या सहाध्यायी होत्या. आणि तेथे १९०९ मध्ये उसळलेल्या उज्जीवनातून चिलीतील पेंटेकोस्टल चर्चची परंपरा सुरू झाली.