रेडिओग्रामचा काटा

एखाद्या जुन्या घरात कपाटासारखी लांबट लाकडी पेटी दिसली, तिच्या झाकणाखाली रेकॉर्डची फिरती तबकडी आणि पुढच्या काचेवर शहरांची नावं असली, तर समजा, तो रेडिओग्राम. 1925च्या सुमारास विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. सुईच्या थरथरीची वीज करणंही जमलं आणि रेडिओ-ग्रामोफोनचा संसार एका पेटीत मांडता आला. दोघांना मिळून एकच ॲम्प्लिफायर, एकच स्पीकर. आवाज हवेतून घ्यायचा की तबकडीवरून, हे एक बटण ठरवतं.

या निवडीची किंमत कळायला 1952 सालात जावं लागतं. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांना शास्त्रीय संगीताचं प्रेम होतं आणि सिनेसंगीताचं वावडं. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी जवळजवळ नाहीशी झाली. रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. म्हणजे पैसे आपले, आवड सरकारची! लोकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी काटा शॉर्टवेव्हवर नेला आणि कोलंबोचं रेडिओ सिलोन लावलं. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ तिथं त्याच वर्षी सुरू झाली होती. रेडिओग्रामवाल्यांना तर आणखी एक वाट होती: आपली रेकॉर्ड लावायची. शेवटी 3 ऑक्टोबर 1957ला आकाशवाणीनंच विविध भारती सुरू केली.

आज असा रेडिओग्राम हाती आला, तर थेट प्लगमध्ये लावू नका. आतले मेणकागदी कपॅसिटर वयानं गळके झालेले असतात. त्यातला एक गळाला, की आउटपुट व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. जाणते कारागीर आधी कपॅसिटर बदलतात, मग वायरीत एक बल्ब सीरिजमध्ये जोडून वीज देतात. बल्ब भगभगून पेटला, तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. व्हॉल्व्हला दोनशेहून जास्त व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही धक्का बसू शकतो, तेव्हा हे काम शिकाऊ हातांचं नव्हे.

सोपा मार्गही आहे: आतलं सगळं उपसायचं, ब्लूटूथ बसवायचं आणि वर फुलदाणी ठेवायची. आवाज येईल, पण काटा मुका होईल. काही कारागीर मात्र जुन्या कपॅसिटरचं कागदी कवच पोकळ करून त्यात नवा बसवतात. रूप जुनंच राहतं आणि काटाही चालतो.

चालून ऐकायचं काय? बीबीसीची हिंदी रेडिओसेवा 31 जानेवारी 2020ला थांबली. आकाशवाणीची कित्येक मीडियमवेव्ह प्रक्षेपणंही बंद झाली. तरी रात्री मीडियमवेव्ह लांबवर पोचते. अंधारात काचेमागचा दिवा लावून काटा हळूहळू सरकवला, तर खरखरीतून एखादं दूरचं केंद्र अजून सापडतं. ते आपल्यापुढं कोणत्या अल्गोरिदमनं आणून ठेवलेलं नसतं. आपणच ते शोधलेलं असतं.