मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांनी बोलायचं कुठे?

मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारे स्वयंसेवक अनेकदा एकमेकांना कधी भेटलेलेच नसतात. कोणी बेळगावात, कोणी इंदुरात, कोणी बर्लिनमध्ये. गप्पांची खोली हेच त्यांचं कार्यालय. त्यामुळे ती कुठे थाटायची, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

फ्रीनोडचा धडा

१९८८ मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची पद्धत तयार केली. त्यावर चालणारं फ्रीनोड अनेक वर्षं मुक्त प्रकल्पांचा हक्काचा कट्टा होतं. मे २०२१ मध्ये त्याच्या ताब्यावरून वाद पेटला. ते सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन 'लिबेरा चॅट' सुरू केलं. त्यामागे स्वीडनमधली ना-नफा संस्था आहे. उबुंटू, जेंटू, विकिमीडियाचे गट तिकडे गेले. नव्या पत्त्याची पाटी लावलेल्या शेकडो खोल्या फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनानं ताब्यात घेतल्या.

तरीही गट मोडले नाहीत. आयआरसी कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर तेच राहिलं, फक्त पत्ता बदलला.

मोझिलाचा अनुभव

पण नुसतं खुलं असून भागत नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलानं २०१९ मध्ये आपलं आयआरसी बंद करायचं ठरवलं. नवख्यांना ते अवघड जायचं आणि त्रास देणाऱ्यांना आवरणं कठीण होतं. मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट, स्लॅक आणि मॅट्रिक्स हे चार पर्याय तपासून मॅट्रिक्सची निवड झाली. मॅट्रिक्सही खुलं आहे. शिवाय कुणालाही त्याचा स्वतःचा सर्व्हर चालवता येतो आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशी बोलता येतं. मार्च २०२० मध्ये मोझिलाचं जुनं आयआरसी बंद झालं.

निवडताना काय पाहावं?

- चावी कुणाकडे? प्रशासक एकच असेल आणि तो निघून गेला, तर गट अडकतो. किमान दोघा-तिघांकडे अधिकार हवेत.
- जुनं बोलणं सापडतं का? स्लॅकच्या मोफत योजनेत शेवटच्या ९० दिवसांचेच संदेश दिसतात.
- खासगीपण? व्हॉट्सॲप सगळ्यांच्या हाताशी आहे, पण गटातल्या अनोळखी माणसांपर्यंतही आपला फोन नंबर पोचतो.
- साध्या मोबाइलवर चालतं का? कमी डेटावाला माणूस बाहेर राहता कामा नये.
- उद्या सामान हलवता येईल का? संदेश उतरवून घेण्याची सोय आधीच तपासावी.

साधन कोणतंही घ्या, गप्पांत ठरलेली गोष्ट प्रकल्पाच्या कागदपत्रांत त्याच दिवशी नोंदवावी. खोली बदलली तरी काम अडत नाही.