यशाच्या आड दडलेली चिंता

१९६४ साल. नॅशनल थिएटरच्या 'द मास्टर बिल्डर' या इब्सेनच्या नाटकात सर लॉरेन्स ऑलिव्हिए प्रमुख भूमिका करीत होते. वय ५७, त्याच संस्थेचे संचालक आणि इंग्रजी रंगभूमीवरील अत्यंत नावाजलेले नट. रंगमंचावर असतानाच त्यांचा घसा आवळल्यासारखा झाला, प्रेक्षागृह भोवती फिरू लागले, संवाद आठवेनासे होतील या भीतीने त्यांना घेरले. ही भीती पुढे सुमारे पाच वर्षे त्यांच्या मानगुटीवर बसली होती. 'ऑथेल्लो'मध्ये एकट्याने बोलण्याचा प्रसंग आला की इयागो झालेले फ्रँक फिनले विंगेत आपल्याला दिसतील असे उभे राहावेत, अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली. सहकलाकारांनी आपल्या नजरेला नजर देऊ नये, अशीही विनंती ते करीत. १९८२च्या आत्मचरित्रात त्यांनीच याची कबुली दिली. नाट्यगृहे मात्र त्या सर्व काळात भरतच होती.

वरून यश आणि आतून धास्ती असलेल्या या अवस्थेला अलीकडे 'हाय-फंक्शनिंग अँग्झायटी' म्हटले जाते. हे अधिकृत निदान नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रमाणित वर्गीकरणांत हा शब्द सापडत नाही. तेथे आढळते ती १९८० पासून स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेली 'सर्वसाधारण चिंताविकृती'. अमेरिकी निकषांनुसार किमान सहा महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, थकवा, एकाग्रतेचा अभाव, चिडचिड, स्नायूंचा ताण, झोपेची तक्रार यांपैकी किमान तीन लक्षणे असावी लागतात. या त्रासामुळे ठळक यातना होत असाव्यात 'किंवा' कामकाजात बाधा येत असावी, असेही निकष सांगतात. हा 'किंवा' महत्त्वाचा आहे. काम सुरळीत चालले आहे, पगार वाढतो आहे, मग आजार कसला, असे घरचेच नव्हे तर रुग्णही म्हणतो. निकषाचा पहिला अर्धा भाग सगळेच विसरतात.

अशी माणसे मनोविकारतज्ज्ञाकडे क्वचितच प्रथम जातात. छातीत धडधडते म्हणून हृदयरोगतज्ज्ञ, पोट बिघडते म्हणून पोटाचे डॉक्टर. ईसीजी निर्दोष येतो, अॅसिडिटीची गोळी मिळते आणि गाडी पुन्हा रुळावर आल्याचा भास होतो. (थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्यावी, त्या ग्रंथीच्या अतिकार्यामुळेही अशीच लक्षणे दिसतात.)

चिंता टिकते कशी, याचे उत्तर यशातच दडलेले असते. सादरीकरणापूर्वी रात्रभर जागून दहा वेळा आकडे तपासले आणि सादरीकरण उत्तम झाले, तर श्रेय कौशल्याला न मिळता जागरणाला मिळते. पुढच्या वेळी जागरण वाढते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये अशा 'सुरक्षा-वर्तना'ची मीमांसा केली: ज्या संकटाची धास्ती वाटते ते मुळात येणारच नव्हते, हे कळण्याची संधीच हे वर्तन हिरावून घेते. विंगेत उभे केलेले फिनले हे त्याचेच उदाहरण म्हणता येईल.

उपचारांत विचार आणि वर्तन बदलणाऱ्या पद्धतींचा आधार भक्कम आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. 'मी यशस्वी झालेच पाहिजे' यातील 'च'वर ती बोट ठेवते. गरजेनुसार औषधेही दिली जातात; त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. शांत झोपेसाठी परस्पर घेतलेल्या गोळ्यांची किंवा मद्याची सवय जडण्याचा धोका मोठा असतो.

'कार्यालयात कळले तर?' या प्रश्नापायी अनेकजण उपचार टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही नि:शुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.