द्रावण आणि महलूल : एका रासायनिक संज्ञेचा अर्थ व उगम

मीठ पाण्यात टाकून ढवळले की ते दिसेनासे होते. पाण्याची चव मात्र बदलते. येथे मीठ हे द्राव्य, पाणी हे द्रावक आणि दोहोंचे एकजिनसी मिश्रण ते द्रावण. उर्दू माध्यमाच्या वर्गात याच संज्ञा मुनहल, मुहल्लिल आणि महलूल अशा शिकविल्या जातात. क्रिया एकच असली तरी या दोन शब्दकुळांमागील कल्पना भिन्न आहेत.

'महलूल' हा शब्द अरबीतील 'ह-ल-ल' या धातूपासून झाला आहे. गाठ सोडणे हा त्याचा मूळ अर्थ. प्रश्नाची उकल म्हणजे 'हल' आणि ज्यावर बंधन नाही ते 'हलाल', हे शब्दही त्याच धातूचे. या दृष्टीने महलूल म्हणजे 'सोडविलेले'. पदार्थाची घट्ट गाठ सुटली आणि तो पाण्यात मोकळा झाला, अशी ही कल्पना आहे.

अबू बक्र अल्-राझी (८६५-९२५) यांनी 'किताब अल्-असरार' या ग्रंथात रसायनविद्येची पदार्थ, उपकरणे व क्रिया अशी त्रिविध मांडणी केली. क्रियांमध्ये 'हल्ल' म्हणजे विरघळविणे आणि 'अक्द' म्हणजे पुन्हा घट्ट करणे या दोन्ही येतात. अक्दचा शब्दशः अर्थ गाठ बांधणे. निकाहालाही अक्द म्हणतात तो याच अर्थाने. राज्यव्यवहारात निर्णयाचा अधिकार असणाऱ्यांना 'अहल अल्-हल्ल वल्-अक्द' म्हटले जाई. प्रयोगशाळेतील शब्दांची ही जोडी अशी समाजजीवनातही रुळलेली होती.

इंग्रजीतील 'सोल्युशन' लॅटिन 'सोल्वेरे' या क्रियापदावरून आला. त्याचाही अर्थ सैल करणे, सोडणे असाच आहे. रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी ११४४ मध्ये किमयेवरील एका अरबी ग्रंथाचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले व तेव्हापासून अरबी रसायनविद्या युरोपात वेगाने पसरली. तथापि, त्यावरून 'सोल्युशन' हा शब्द अरबीची उसनवारी ठरत नाही. 'सोल्वेरे' त्या भाषांतरांहून कित्येक शतके जुना आहे. ग्रीक 'लिसिस' या शब्दाचा अर्थही सोडविणे हाच. 'अल्कली' हा शब्द अरबीने युरोपला दिला, हे निर्विवाद आहे. 'सोल्युशन'बाबत तसा दावा टिकणारा नाही. अभिमानाला पुराव्याची जोड हवी.

मराठीतील 'द्रावण'मागे गाठ नाही, प्रवाह आहे. संस्कृत 'द्रु' म्हणजे धावणे, वाहणे, पातळ होणे. रसशास्त्रात पाऱ्याच्या अठरा संस्कारांत गर्भद्रुती व बाह्यद्रुती यांचा समावेश होतो. परंतु याच धातूपासून द्रव, द्रवणांक आणि द्रावण हे तिन्ही शब्द झाल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होऊ शकतो. बोलीभाषा येथे अधिक काटेकोर आहे : बर्फ वितळतो, साखर विरघळते. वितळण्यास उष्णता पुरते. विरघळण्यास दुसरा पदार्थ लागतो.

उर्दूतील परिभाषा घडविण्याचे मोठे कार्य हैदराबाद येथे झाले. निझाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत १९१७ मध्ये भाषांतर विभाग (दारुल तर्जुमा) सुरू झाला आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. विज्ञानाचे उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी हजारो संज्ञा निश्चित करण्यात आल्या. मौलवी वहीदुद्दीन सलीम यांचा 'वज़्-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संज्ञा केवळ अरबी साच्यात न घडविता उर्दूच्या देशी प्रकृतीलाही वाव द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. १९४८ नंतर तेथील माध्यम बदलले. शब्द मात्र शालेय पुस्तकांत टिकून राहिले.

उर्दू शाळेतून मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी 'द्रावक' ऐकून अडखळतो, तेव्हा त्याला रसायनशास्त्र येत नाही असा समज होतो. वस्तुतः अडतो तो शब्द, ज्ञान नव्हे. शिक्षकाने महलूल, द्रावण आणि सोल्युशन हे तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून त्यांचे अर्थ उलगडले, तर ती गाठ तेथेच सुटेल.